वडील ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते, कारखाना बंद झालाय. आजाराची भरपाई कोण देणार?

कारखाना बंद पडला म्हणून हक्क बुडत नाही. वडिलांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याचा हप्ता, कापलं जात असेल तर भरपाई त्या विम्याच्या महामंडळानं द्यायची असते, मालक असो नाहीतर परागंदा होवो. पण तुम्ही पुढे लिहिलंय की डॉक्टर म्हणाले, "विडी ओढायचे ना, त्यानंच झालं असेल," आणि घरचेही तेच म्हणून तुम्हाला गप्प बसवतायत. मी लिहायला बसलो ते या वाक्यामुळे.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत बॉयलर खात्यात होते. दरवर्षी बॉयलरच्या इन्स्पेक्शनआधी वाफेच्या पाइपांवरचं जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा लेप, हातोडीनं ठोकून काढायचं, मग गोणीतली पांढरी पावडर घमेल्यात पाण्यात कालवून हातानंच नवा थर लिंपायचा. तोंडाला रुमाल, तोही घरचा. संध्याकाळी आई त्यांची खाकी चड्डी चाळीच्या गॅलरीत झटकायची. त्या पावडरीत काय असतं हे दोघांनाही कुणी कधी सांगितलं नाही.

८२ च्या संपानंतर गिरणी पुन्हा धड चाललीच नाही. वडिलांना धाप लागायला लागली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. या आजाराचं असंच असतं, धूळ आत गेल्यावर वीस-तीस वर्षं तो कळतसुद्धा नाही. आधी टीबीची औषधं झाली. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी कोर्स पुरा करायला लावला. मग मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, काम काय करायचे? वडिलांना बोलायला दम पुरेना, तेवढ्यात काका म्हणाले, "आता रिटायर आहे. विडीचं बंडल लागायचं रोज." केसपेपरवर तेवढंच उतरलं. गिरणी नाही, बॉयलर नाही, पावडर नाही. पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच कागद वाचून पुढे लिहीत गेला आणि त्यात वेळ गेला. शेवटी दुसरीकडच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या बोटांची फुगलेली टोकं पाहिली, पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि विचारलं, "बाबा, गिरणीत कुठल्या खात्यात होतात?" एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईनं दाखवणारा स्कॅन, काढला तर फुप्फुसाच्या आवरणावर चुन्यासारखे चट्टे. विडीनं असे चट्टे पडत नाहीत.

काका अजून म्हणतात, भावानं विडी सोडली असती तर जगला असता. साफ चूक आहे. विडीनं ॲस्बेस्टॉसिस (या धुळीनं फुप्फुस कडक होण्याचा आजार) होत नाही, मेसोथेलिओमाही (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) होत नाही. धूळ आणि विडी एकत्र आली की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र कैक पटींनी वाढतो. म्हणजे विडी ओढणाऱ्या कामगाराला तर मालकानं त्या धुळीपासून जास्तच जपायला हवं होतं. कायद्यातही काकांच्या म्हणण्याला आधार नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला ईएसआय कायदा असो की १९२३ चा कामगार भरपाई कायदा, दोन्हीकडे ॲस्बेस्टॉसिस तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत होता (आता दोन्हींच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे), आणि यादीतल्या कामावर ठरलेली मुदत काम केलेल्याला तो आजार झाला तर तो कामामुळेच झाला असं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. ते सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर असतं, खोकणाऱ्या माणसावर नाही.

म्हणून वकिलाआधी केसपेपर नीट करून घ्या. कुठल्या खात्यात, किती वर्षं, काय हाताळायचे, सगळं डॉक्टरांकडून लिहून घ्या. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे असा रुग्ण दिसला की डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं असायचं. न कळवल्यास दंड फक्त १,००० रुपयांपर्यंत होता, त्यामुळे फारसं कुणी कळवायचं नाही; तुम्हालाच मागे लागावं लागेल. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात सांगितलंय की प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यांतलं जे उशिरा संपेल तोवर ठेवायची. ती नोंद लेखी मागा. त्याच निकालात अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेनं प्रमाणित केलेल्या रुग्णांना एक लाख रुपये द्यायला सांगितले होते. आज तेवढ्यात ऑक्सिजनचा खर्चही भागत नाही, तुम्ही त्या आकड्यावर समाधान मानू नका.

आमचे वडील दावा चालू असतानाच गेले. आता आईला आश्रित म्हणून दरमहा पैसे मिळतात. काकांना त्याची पासबुकातली नोंद दाखवली, तरी विडीचं पालुपद सुटलेलं नाही. तुमच्याकडे असं बोलणारं कुणी असेल तर तपासणीला बरोबर नेऊ नका, कितीही जवळचं असलं तरी.

एक राहिलं. मी वकील नाही, माझा अनुभव ईएसआयचा आहे. ईएसआय लागू असेल तर त्याच आजारासाठी मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. ईएसआय नसेल तर मालकाकडून भरपाई मागायच्या अर्जाला १९२३ च्या कायद्यात दोन वर्षांची मुदत होती. उशिराचं सबळ कारण दिलं तर माफ व्हायची, पण थांबू नका. आणि वडील ठेकेदाराकडे असतील तर मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते.