सिम काढण्याआधीचे आठ दिवस

प्रिय मित्रा,

स्मार्टफोन सोडून बटणांचा साधा फोन वापरायचा, हा तुझा विचार मला मनापासून पटला. पण सिम आजच काढू नकोस. आठ दिवस थांब. हा बदल फसतो तेव्हा दोष मोहाला दिला जातो, पण बहुतेक वेळा तयारीच झालेली नसते. तिसऱ्या दिवशी कुठल्यातरी खात्याचा कोड लागतो, अनोळखी पत्त्यावर पोचायचं असतं, नाहीतर तिकीट दाखवायचं असतं. त्या एका रास्त कामासाठी स्मार्टफोन बाहेर निघतो, काम दोन मिनिटांत होतं आणि फोन हातातच राहतो. म्हणून एकेक काम आधी त्या फोनातून बाहेर काढ, त्याची दुसरीकडे सोय लाव आणि मगच फोन बदल.

सुरुवात कागदापासून कर. चार दिवस खिशात एक कागद आणि पेन ठेव. फोन हातात घेतलास की एक शब्द लिही: घड्याळ, आई, नकाशा, कोड, गाणं, काही नाही. ‘काही नाही’ हा शब्द सर्वांत जास्त वेळा येईल, तो न लाजता लिही. फोन रोज किती वेळा उघडला आणि स्क्रीनवर किती वेळ गेला, हे आकडे सेटिंग्जमध्ये मिळतात. तेही बघ, पण फोन का उघडला हे त्यांत नसतं, आणि आपल्याला तेच हवं आहे. ‘घड्याळ’ लिहिलेल्या ओळी जरा निरखून बघ. वेळ पाहायला फोन उघडला, तिथे एक नोटिफिकेशन दिसलं, ते दाबलं, आणि वीस मिनिटांनी फोन खाली ठेवला तेव्हा किती वाजले ते आठवतच नव्हतं. असं झालं असेल तर त्या ओळीपुढे फुली मार. जिथे फुल्या जास्त, ते काम सर्वांत आधी बाहेर काढायचं.

बहुतेकांच्या कागदावर अशी दोन कामं निघतात: वेळ आणि गजर. मनगटावर घड्याळ बांध आणि उशाशी वेगळं गजराचं घड्याळ ठेव. हे दोन्ही आजच कर, साधा फोन येण्याची वाट बघू नकोस. गजर बंद करायला उचललेला फोन हा दिवसातला पहिला स्पर्श असतो आणि तिथूनच सगळं सुरू होतं. बाकी किरकोळ कामांना फार विचार लागत नाही. हिशेब आणि टॉर्च साध्या फोनातही असतात, टिपणं खिशातल्या वहीत, तिकिटं छापून. नकाशासाठी निघण्याआधी कॉम्प्युटरवर रस्ता बघ आणि वळणं कागदावर उतरव: कुठे उतरायचं, कुठल्या खुणेपाशी डावीकडे, शेवटच्या वळणानंतर किती अंतर. ज्याच्याकडे जायचं त्याचा नंबरही त्याच कागदावर लिही. गाण्यांसाठी छोटा प्लेअर घे. फोटोंचं मात्र खरं सांगतो: साध्या फोनचा कॅमेरा बहुधा निराश करतो. फोटो तुझ्यासाठी महत्त्वाचे असतील तर वेगळा कॅमेरा घे, नाहीतर ती उणीव मनाशी मान्य करूनच पुढे जा.

आता कोड. इथेच सर्वांत जास्त माणसं अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लॉगिन करताना लागणारे कोड दोन तऱ्हेचे असतात. एसएमएसने येणारा ओटीपी साध्या फोनवरही येतो, त्याची काळजी नाही. अॅपमध्ये दिसणारा, दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड मात्र स्मार्टफोनात राहतो. तो कुठूनही ‘येत’ नाही. खातं जोडताना दिलेली गुप्त किल्ली आणि त्या क्षणाची वेळ यांवरून तो तिथेच तयार होतो, त्याला नेटही लागत नाही. त्यामुळे तीच सोय कॉम्प्युटरवरच्या चांगल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड सांभाळून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, करता येते. एकेक खातं घे, कॉम्प्युटरवरून त्याच्या सुरक्षा सेटिंग्जमध्ये जा, नव्या ठिकाणी कोड तयार होतो आहे याची खात्री कर आणि मगच जुनी जोडणी काढ. क्रम उलटा केलास तर स्वतःच्याच खात्याबाहेर अडकशील. ज्या खात्यांत लॉगिनच्या वेळी फोनवर ‘हो, मीच आहे’ असं दाबावं लागतं, तिथे दुसरा पर्याय आधी चालू करून घे. पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या कुलपाने लॉगिन करायची सोय) फक्त फोनात साठवली असेल तर दुसरी कॉम्प्युटरवर किंवा हार्डवेअर किल्लीवर, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या सुरक्षा-उपकरणावर, तयार कर.

प्रत्येक महत्त्वाच्या खात्याचे बॅकअप कोडही, म्हणजे फोन हाताशी नसताना लॉगिनला चालणारे कोड, काढून ठेव. गूगल असे १० कोड देतं, प्रत्येक आठ आकडी आणि एकदाच चालणारा. ते छाप. एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या सुरक्षित जागी ठेव, फोनच्या पाकिटात नको. मग परीक्षा घे: स्मार्टफोन बंद कर, कॉम्प्युटरवर ब्राउझरची खाजगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघड आणि प्रत्येक खात्यात शिरून बघ. एकाही ठिकाणी फोन चालू करावा लागला तर तयारी अजून झालेली नाही.

याच्या जोडीला एक संध्याकाळ स्मार्टफोनातलं सिम नुसतं काढून ठेव, फोन वायफायवर चालू दे, आणि काय काय बंद पडतं ते लिहून काढ. बँकेची काही अॅप सिम त्याच फोनात असल्याशिवाय उघडत नाहीत. मेसेजिंग अॅपचे नियम देशागणिक बदलतात आणि सिम त्याच फोनात हवं हा आग्रह वाढतो आहे. अंदाज बांधू नकोस, त्या संध्याकाळी प्रत्यक्ष दिसेल तेच धर. बँकेचं काम अडत असेल तर दोन वाटा आहेत. एक, बँकेचे व्यवहार कॉम्प्युटरवरून करायचे आणि ओटीपी साध्या फोनवर घ्यायचा. ती वाट बंद असेल तर दुसरं सिम घेऊन बँकेशी जोडलेला नंबर घरच्या स्मार्टफोनात ठेवायचा आणि लोकांना द्यायचा नंबर साध्या फोनात. ही दुसरी वाट थोडी खर्चाची आहे, पण अनेकांना तीच टिकाऊ ठरते.

फोन निवडताना दुकानातल्या चमकदार गोष्टींकडे बघू नकोस, नेटवर्क बघ. बऱ्याच देशांत २जी आणि ३जी बंद झालं आहे किंवा होत आहे. म्हणून फोन ४जी हवा, आणि त्यात व्होल्टीची सोय हवी, म्हणजे आवाजाचा कॉल ४जीवरूनच जातो. व्होल्टी नसेल तर फोन कॉलसाठी जुन्या नेटवर्ककडे वळतो, आणि ते तिथे नसेल तर सिग्नलच्या काड्या दिसूनही कॉल लागत नाही. तुझ्या कंपनीच्या नेटवर्कवर त्याच मॉडेलचं व्होल्टी चालतं का, हे आधी विचार. देवनागरी नीट दिसते का तेही बघ. काही फोनांत अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात, काहींत वाचता येतं पण लिहिता येत नाही. आणि ब्राउझर किंवा व्हिडिओचं अॅप असलेला साधा फोन शक्यतो घेऊ नकोस. छोट्या स्क्रीनवर कोण बघणार, असं वाटतं. पण कंटाळ्यात माणूस तेवढ्या स्क्रीनवरही तासभर बघतो.

सिमचा आकार तपास. स्मार्टफोनातलं नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं असतं. साध्या फोनात अनेकदा त्याहून मोठी खाच असते, मग प्लास्टिकची चौकट लागते. सिम न बसवता रिकामी चौकट आत कधी सरकवू नकोस. बाहेर काढताना ती आतल्या बारीक पिनांत अडकते, त्या वाकतात आणि नवा कोरा फोन ‘सिम नाही’ म्हणत बसतो. तुझं ई-सिम (वेगळं कार्ड नसलेलं, फोनातच असलेलं सिम) असेल तर कंपनीकडून आधी कार्ड करून घे, बहुतेक साध्या फोनांत ई-सिम चालत नाही.

नंबर नेण्यासाठी स्मार्टफोनातून व्हीसीएफ फाइल, म्हणजे सगळी नावं आणि नंबर असलेली एक फाइल, काढता येते आणि ब्लूटूथने किंवा मेमरी कार्डवरून साध्या फोनात घेता येते. फोनने फाइल वाचली नाही तर ती २.१ या जुन्या आवृत्तीत काढून बघ. सगळे नंबर सिमवर कॉपी करायचा मोह टाळ. साधारण सिमवर अडीचशेच्या आसपास जागा असते, एका नावापुढे एकच नंबर बसतो आणि देवनागरी नावं मध्येच तुटतात. माझं मत विचारशील तर पन्नास-साठ नावं निवड आणि हाताने भर. वेळ जाईल, पण बटणांवर बोटं बसतील. त्यातले चार नंबर पाठ कर.

आता माणसं. तुझ्या जवळच्यांना आठवडाभर आधी सांग: अमुक तारखेपासून फोन करा किंवा एसएमएस करा, ग्रुपवरचं मला लगेच दिसणार नाही. गटातल्या एकाला विनंती कर की वेळ-ठिकाण बदललं तर त्याने तुला फोन करावा. हे न सांगता गायब झालास तर लोक दुखावतात, आणि त्यांचा राग बघून तूच माघारी फिरशील. आयफोन असेल तर सिम काढण्याआधी त्यातलं आयमेसेज बंद कर. अँड्रॉइडवर मेसेजेस अॅपमधलं आरसीएस, म्हणजे नेटवरून मेसेज पाठवायची सोय, बंद कर. नाहीतर समोरच्याचे मेसेज नेटवरून जुन्याच फोनकडे जात राहतात आणि तू उत्तर देत नाहीस असं त्याला वाटतं.

मराठीत एसएमएस लिहिताना एक गणित लक्षात ठेव. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. तीही आपण मोजतो तशी नाहीत. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘प्रश्न’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, पण फोनच्या हिशेबात सहा: प, हलन्त, र, श, हलन्त, न. सत्तरच्या पुढे गेलास की मेसेजचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात ६७ जागा उरतात आणि दर तुकडा वेगळा मोजला जातो. लांबलचक मजकूर असेल तर सरळ फोन कर. आणि मेसेजची पेटी वेळच्या वेळी रिकामी कर. साध्या फोनात ती भरली की नवा मेसेज आत येत नाही, आणि ऐन गरजेचा ओटीपी का येत नाही म्हणून माणूस उगाच नेटवर्कला दोष देत बसतो.

सिम हलवशील त्या दिवशी दुपारपर्यंत मोकळा वेळ ठेव, दुसऱ्या दिवशी प्रवास किंवा परीक्षा नको. सिम बसवलं की एक कॉल लाव, एक घे, एक मराठी एसएमएस दोन्ही बाजूंनी पाठव, एक ओटीपी मागवून बघ. सिमला पिन लाव, कारण साध्या फोनचं कुलूप कमकुवत असतं आणि तुझे ओटीपी आता त्यातच येणार आहेत. पिन लावण्याआधी पीयूके हा आठ आकडी नंबर कागदावर लिहून घे. तीन वेळा पिन चुकली की तो लागतो, आणि दहा वेळा पीयूके चुकला की सिम कायमचं निकामी होतं.

स्मार्टफोन विकू नकोस, निदान तीन महिने. त्यातली वेळ खाणारी अॅप काढ, ब्राउझर बंद कर, आणि त्याला झोपायच्या खोलीबाहेर एका ठरलेल्या जागी चार्जरच्या वायरला जोडून ठेव. वायर आखूड असू दे. वापरायचा तो उभ्याने, तिथेच, दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी, आणि आधी कागदावर काम लिहून. त्याच्या आधाराने कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप वापरत असशील तर या स्मार्टफोनवर ते १४ दिवसांत एकदा तरी उघडावं लागतं, नाहीतर जोडलेलं सगळं आपोआप लॉगआउट होतं. खिशात मात्र दोन्ही फोन कधीही घेऊन निघू नकोस, ‘फक्त आजच’ म्हणूनही नाही. दोन्ही बरोबर असले की साधा फोन दोन दिवसांत ओझं वाटू लागतो.

पहिल्या आठवड्यात हात खिशाकडे जाईल. रांगेत, जेवताना, कुणी बोलता बोलता उठून गेलं की. फोन बाहेर येईल, तू दोन बटणं दाबशील, मेनू उघडेल, आणि त्यात बघण्यासारखं काही नसेल. तो रिकामा क्षण अस्वस्थ करतो, विशेषतः संध्याकाळी. त्याला घाबरू नकोस. त्या वेळेसाठी हाताशी काहीतरी ठेव: पुस्तक, वाद्य, दुरुस्तीला आलेली एखादी वस्तू. खरा धोका कॉम्प्युटरचा आहे. फोनवरचं स्क्रोलिंग आठवड्याभरात गुपचूप तिकडे सरकतं. म्हणून वेळ खाणाऱ्या खात्यांतून तिथेही लॉगआउट हो आणि पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नकोस.

किती दिवस लागतील असं विचारशील. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरतील आणि कुणाला २५४ लागतील असा फरक होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा एखाद्या दिवशी स्मार्टफोनवर दोन तास गेले तर स्वतःला बोल लावत बसू नकोस. तो का उचलला होतास ते त्याच कागदावर लिही. बहुधा एखादं काम बाहेर काढायचं राहून गेलेलं असेल.

चार दिवसांचा कागद भरला की त्यावरचे शब्द मला लिहून पाठव, फुल्यांसकट. कुठलं काम कुठे हलवायचं ते आपण मिळून ठरवू, आणि सिमची तारीख त्यानंतर.

तुझा हितचिंतक