इसार दिल्यावर सौदा रद्द केला तर पैसे परत मिळतात का?

तुम्ही विचारायलात की 2 एकराच्या सौद्याला 3 लाख इसार दिला, ताबा घेतला, अन् आता कळलं की मालकाच्या बहिणींनी वाटणीची केस टाकलेली आहे, तर सौदा मोडून पैसे निघतील का. मी वकील नाही, पण लातूरकडं माझंही असंच झालं होतं.

आधी इसारपावती काढून बघा, "जमिनीवर कसलाही वाद नाही" असं लिहून दिलंय का. असंल आणि त्याला केस माहीत होती तर ती फसवणूक, अन् 1872 च्या करार कायद्याचं कलम 19 तुमच्या बाजूनं आहे. सौदा मोडायचा का ठेवायचा ही मर्जी फसलेल्याची, फसवणाऱ्याची नाही.

पण मी आपटलो ते कलम 64 वर. मला वाटायचं रद्द केलं की आपला इसार आपल्याकडं, विषय संपला. माझ्या नोटिशीला त्यानं उत्तर पाठवलं, "अन् माझ्या रानातलं 11 क्विंटल सोयाबीन कुणी खाल्लं?" मी तावातावानं वकिलाकडं गेलो तर ते हसायलेच, म्हणे बरोबर बोलतोय तो! सौदा मोडणाऱ्यानं त्या सौद्यातून जे घेतलं ते परत करायचं असतं, म्हणून ताबाही सोडावा लागला, अन् बियाणं, खत, मजुरी वजा करून उरलेले सोयाबीनचे पैसे इसारातून कापूनच तडजोड झाली. भरपाई कलम 75 खाली मागता येते, मोजणी, स्टॅम्प वगैरेचा खर्च, पण माझ्याकडं पावत्याच नव्हत्या.

तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की आता केस कळलीय तर त्या रानात नवीन पेरा करू नका, नाहीतर समोरचा म्हणणार सगळं माहीत असून ह्यांनी सौदा चालूच ठेवला, मग रद्द करायचा हक्कच जातो. नुसतं फोनवर भांडून काही होत नाही, वकिलामार्फत लेखी नोटीस द्या अन् पोचपावती सांभाळा. दाव्याला मुदत फसवणूक कळल्यापासून 3 वर्षं. दाव्यात इसार परत द्या असं स्पष्ट मागा, अन् तुमची चूक नसंल तर त्या रकमेचा बोजा जमिनीवर राहतो तेही वकिलाला लिहायला लावा.

ताबा सोडताना दोन साक्षीदार घेऊन लिहून घ्या, बोअरची मोटर, पाइप, स्टार्टर कुणाचा ते सगळं. माझा स्टार्टर अजून तिकडंच आहे.