मुलगी बेळगावात मराठी माध्यमात सातवीला आहे, पुढच्या वर्षी इंग्रजी माध्यमात घालणार. गणिताची शिकवणी आत्ताच लावू का?

लावा, पण आठवीचं पुस्तक आगाऊ संपवणारी नको. मी शहापुरात घरी चार-पाच मुलांना शिकवते. माध्यम बदलून आलेल्या मुलांचं गणित सहसा इंग्रजीमुळे अडत नाही. लसावि म्हणजे एलसीएम, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, हे शब्द महिन्याभरात तोंडी बसतात. अडतं ते अपूर्णांकात.

घरीच बघा की. तिला ३/४ + ५/६ करायला सांगा. वरचे वर, खालचे खाली मिळवून ८/१० लिहिलं, तर रागवू नका. ८/१० हे ५/६ पेक्षाही लहान आहे. मिळवून कमी कसं झालं, एवढंच विचारा. १२ छेद घेऊन ९/१२ आणि १०/१२, म्हणजे १९/१२, हे तिचं तिलाच सापडू दे. शिकवणीवाल्या बाईसुद्धा असं थांबून विचारतात का, ते पहिल्या आठवड्यात बघून घ्या. नुसती वही भरून येत असेल तर फी वाया.

आणखी एक, कोल्हापूरहून कुणी महाराष्ट्र बोर्डाची गाइडं आणून देतं, ती घेऊ नका. आपला अभ्यासक्रम कर्नाटकाचा. एसएसएलसीला, म्हणजे इथल्या दहावीला, गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा, अंतर्गत २०. पण ते अजून लांब आहे हो, आधी अपूर्णांक.