भूल देणारी नर्स, तीही फौजेतली?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे, बायोलॉजी घेऊन. अमेरिकेच्या सैन्यात भूल देणाऱ्या एका नर्सचा व्हिडिओ तिने मोबाइलवर पाहिला आणि तेव्हापासून "मला हेच करायचंय" म्हणून हटून बसली आहे. ठाण्यातल्या एका क्लासने 'मिलिटरी अ‍ॅनेस्थेशिया नर्सिंग' नावाचा सहा महिन्यांचा कोर्स सुचवलाय, फी पावणेदोन लाख. भरावी का? तिची मावशी म्हणते, नर्स म्हणजे शेवटी बेडपॅन उचलणं, उद्या लग्नाला अडचण येईल. देशसेवा होणार असेल तर आमची ना नाही. – एक पालक, भांडुप

उत्तर:

नमस्कार. आधी ते पावणेदोन लाख खिशातच ठेवा. आपल्या सैन्यात नर्सने स्वतंत्रपणे भूल देण्याचं पदच नाही, मग त्याचा कोर्स कुठून येणार? आपल्याकडे भूल देतो तो डॉक्टर. एमबीबीएस करून पुढे अ‍ॅनेस्थेशियात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला. केईएममध्ये हेच आणि लष्करी इस्पितळातही हेच.

लेकीने पाहिलेला व्हिडिओ मात्र खोटा नसणार. अमेरिकेत हा नर्सिंगमधलाच एक मोठा आणि जुना पेशा आहे. त्यांच्या सैन्यात युद्धभूमीजवळ शस्त्रक्रिया करणारी छोटी पथकं असतात. जुन्या रचनेत एका पथकात वीसेक माणसं, त्यांत चार सर्जन आणि भूल द्यायला दोन नर्स. भूलतज्ज्ञ डॉक्टर पथकात नसला तरी काम अडत नाही. जखमी जवानाची श्वासनलिका सांभाळणं, रक्तदाब खाली गेला की औषध आणि रक्त किती द्यायचं ते ठरवणं, सगळं त्या दोघांवर. अठरा वर्षांच्या मुलीला याची भुरळ पडली, यात नवल नाही.

पण तिथवर जायचा रस्ता बघा. आधी नर्सिंगची पदवी आणि तिथला परवाना. मग किमान एक वर्ष अतिदक्षता विभागात काम, प्रत्यक्षात बहुतेकींचं त्याहून जास्त. त्यानंतर साधारण तीन वर्षांचं शिक्षण, आणि आता तेही डॉक्टरेट पातळीचं. सैन्याचा स्वतःचा अभ्यासक्रम टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला आहे. तिथे शिकताना अधिकाऱ्याचा पगार मिळतो, बदल्यात पुढे काही वर्षं नोकरीचं बंधन येतं. सगळ्यात मोठी मेख अशी की, तिथे अधिकारी व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्ड हातात आल्यावरही त्यासाठी साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे इथला पासपोर्ट सोडावा लागेल. तुम्ही देशसेवा लिहिलंय. कोणत्या देशाची, हे घरी एकदा बसून बोला. यात मी कुणाला नावं ठेवत नाही, पण सगळं सुरळीत झालं तरी ती तोवर पस्तिशीला टेकलेली असेल.

आता इथलं बोलू. तिला वर्दी हवी आहे, नर्सिंग हवंय की भूल देण्याचंच काम हवंय? व्हिडिओत तिन्ही एकत्र दिसतात. इथे त्यांच्या वाटा बारावीनंतर लगेच वेगळ्या होतात.

वर्दी आणि नर्सिंग हवं असेल तर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. 1888 साली लष्करी इस्पितळांसाठी परिचारिकांची पहिली तुकडी बोटीने मुंबईलाच उतरली होती. आजच्या सेवेचा स्थापना दिवस 1 ऑक्टोबर 1926चा. सैन्याच्या सहा कॉलेजांत चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग होतं. त्यातलं एक तुमच्या मुंबईतच, कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी इस्पितळात, आणि दुसरं पुण्याला एएफएमसीमध्ये, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात. प्रवेश फक्त मुलींना. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी हे विषय, पहिल्याच प्रयत्नात पास आणि किमान 50 टक्के. निवडीसाठी नीटचे गुण धरतात, त्यापुढे इंग्रजी आणि सामान्य बुद्धिमत्तेची परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. राहणं-जेवण सैन्याचं, वर विद्यावेतन. उलट बाजूने सेवेचा करार लिहून द्यावा लागतो, मध्येच सोडलं तर पैसे भरावे लागतात. बाहेर पडताना ती लेफ्टनंट असते. बदली देशात कुठेही होईल, हे तिच्या आईला आत्ताच सांगा.

दरवर्षी मुली एका गोष्टीत फसतात. नीट दिली की झालं, असं समजतात. तसं नाही. या प्रवेशासाठी 'जॉइन इंडियन आर्मी'च्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत थोडीच असते. नीटला चांगले गुण असून केवळ यामुळे जागा गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

इथे जमलं नाही तर राज्याच्या नर्सिंग सीईटीतून साध्या कॉलेजात बीएस्सी करावं. नोंदणीकृत नर्स झाल्यावर शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी अधिकारी म्हणून नेमणुकीची, भरती निघाली की अर्ज करता येतो. वर्ष वाया घालवण्यापेक्षा हे बरं.

भूल देण्याचंच काम हवं असेल, तर मात्र डॉक्टरच व्हावं लागेल. एएफएमसीला एमबीबीएसच्या मुलींच्या जागा तीसच्या आसपास, कटऑफ फार वर. बाहेरून एमबीबीएस करूनही सैन्यात जाता येतं. एमडी धरून साडेआठ वर्षं तरी गेली. अ‍ॅनेस्थेशिया टेक्नॉलॉजीची पदवीही असते, पण ते काम यंत्रं लावून देणं, तपासणं, डॉक्टरच्या हाताशी उभं राहणं. भूल त्यांनाही देता येत नाही.

तिला ऑपरेशन थिएटर आतून कसं असतं हे आधी कळू दे. रुग्णाच्या डोक्याकडे भूलतज्ज्ञ बसतो. मास्कमधून ऑक्सिजन, शिरेतून दुधासारखं पांढरं औषध, अर्ध्या-एक मिनिटात डोळे मिटतात आणि तिथून पुढे त्या माणसाचा प्रत्येक श्वास याच्या जबाबदारीवर. नजर मॉनिटरवर, बरेचसे तास काहीच घडत नाही, आणि घडतं तेव्हा सेकंदांत हालचाल करावी लागते. टेबलाच्या बाजूला अवजारांच्या ट्रॉलीपाशी सिस्टर. पोट शिवायला घेण्याआधी ती गॉज, म्हणजे रक्त टिपायचे कापडी तुकडे, मोठ्याने मोजते. एक जरी कमी भरलं तर कितीही मोठा सर्जन असो, हातातली सुई खाली ठेवून थांबतो. दोन्ही कामं मोलाची आहेत, पण दोन्हींना लागणारा स्वभाव वेगळा. थिएटरमध्ये काम केलेल्या एखाद्या सिस्टरशी तिची तासभर गाठ घालून द्या. भांडुपमध्ये तशी सिस्टर सापडणं अवघड नाही. माझ्या पत्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

तोवर नीटचा अभ्यास थांबवू नका, दोन्ही वाटांना ती लागतेच.

मावशींच्या लग्नाच्या काळजीबद्दल: प्रवेशाच्या वेळी मुलगी अविवाहित लागते, कमिशन मिळाल्यावर लग्न करता येतं. लग्न केलं म्हणून सेवेतून काढलेल्या एका लष्करी परिचारिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 2024मध्ये न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवला आणि तिला 60 लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

बेडपॅनचं म्हणाल तर मावशी खोटं बोलत नाहीत. शिकताना ते करावं लागतंच. अंग पुसायचं, चादरी बदलायच्या, उलट्या साफ करायच्या, अंगावर स्टार लागणार असले तरी यातून सुटका नाही. व्हिडिओत हे दाखवत नाहीत. तिला विचारा, आणि उत्तर द्यायला दोन दिवस द्या.