घाटात ओढ जाते, चेक लाइट लागतो, खाली ऑइलचा डाग पडतो. टर्बो बदलायचा का?

तुमची डिझेल एसयूव्ही २०१३ची, पावणेदोन लाख किलोमीटर झालेली. कन्नड घाटात ओढ जाते, चेक लाइट लागतो, स्कॅनरवर पी०२९९ आणि पी०४०१ हे बिघाडाचे कोड येतात. अंगणात ऑइलचा डाग पडतो, कूलंटही थोडं थोडं कमी होतं. मिस्तरी म्हणतो टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, बदला. भाऊ, आत्ता तरी टर्बोला हात लावू देऊ नका.

मी जळगावचा. माझ्या गाडीलाही हाच पी०२९९ आला होता. एका गॅरेजात टर्बो उतरवून रिकंडिशन करून बसवला, बरेच पैसे गेले. चाळीसगाव सोडून घाट चढायला लागलो की पुन्हा तोच लाइट. शेवटी एका वयस्कर मिस्तरीने इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) रबरी पाइप हातात धरून पिळला, तेव्हा क्लिपच्या कडेला बोटभर चीर दिसली. सपाटीवर ती मिटलेली राहायची, घाटात दाब वाढला की उघडायची. पाइप बदलला आणि गाडी पहिल्यासारखी ओढू लागली.

पी०२९९ म्हणजे इंजिनाने हवेचा जितका दाब मागितला तितका मिळाला नाही, एवढंच. का मिळाला नाही, ते कोड सांगत नाही. पाइप फाटला असेल, क्लिप सैल असेल, टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारी बारीक व्हॅक्युमची नळी उन्हाने कडक होऊन तडकली असेल किंवा उंदराने कुरतडली असेल. टर्बो खरोखर गेलेलाही असू शकतो, पण तो यादीत शेवटी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. रबर दहा-बारा वर्षं तेच सोसतं.

म्हणून आधी हे करा. कोड पुसण्याआधी स्कॅनरमधला फ्रीझ फ्रेम उघडा आणि त्यातले आकडे वहीत लिहून घ्या. कोड आला त्या क्षणी आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान किती होतं ते तिथे असतं. कोड पुसला की ही नोंदही जाते. मग टर्बोपासून इंजिनापर्यंतचे पाइप बाहेरून बोट फिरवून बघा. पाइपच्या आत ऑइलचा पातळ थर असतोच, त्याला घाबरू नका. पण एखाद्या जोडाच्या बाहेर ओलसर काळं ऑइल आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर हवा बहुतेक तिथूनच निघते आहे. खात्री करायची तर पंक्चरवाला ट्यूबला करतो तेच: इंजिन बंद ठेवून पाइपमध्ये कॉम्प्रेसरने हलकी हवा भरायची, दाब एक बारच्या आतच, आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडायचं. बुडबुडे दिसतील तिथे गळती.

पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून, म्हणजे सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात वळवणाऱ्या वाटेतून, जितका धूर जायला हवा तितका जात नाही. जुन्या डिझेलमध्ये व्हॉल्व्ह किंवा त्याची वाट काजळीने भरणं हे नेहमीचं कारण. उतरवून साफ करून बघा, लगेच नवा घेऊ नका.

आता डाग. ऑइल वरून खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे थेंब पडतो तिथेच गळती आहे असं समजू नका. इंजिनावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळलं तरी खालचं ऑइलचं चेंबरच ओलं दिसतं आणि लोक चेंबरचं पॅकिंग बदलून बसतात. इंजिन धुऊन कोरडं करा, पन्नास किलोमीटर चालवा, मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. सगळ्यात वरची ओली जागा हीच गळती. रात्री खाली पुठ्ठा टाका. काळं-तपकिरी असेल तर इंजिन ऑइल, लालसर असेल तर बहुधा पॉवर स्टिअरिंगचं, हिरवं किंवा गुलाबी पाण्यासारखं असेल तर कूलंट. एसी चालवल्यावर पडणारं स्वच्छ पाणी सोडून द्या. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर मात्र ब्रेक ऑइलची पातळी बघितल्याशिवाय गाडी हलवू नका.

मला काळजी वाटते ती कूलंटची. बाहेर कुठेच थेंब नसेल तर ते ईजीआर कूलरमधून (ईजीआरचा धूर थंड करणारा भाग) किंवा हेड पॅकिंगमधून (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं) इंजिनात जात असण्याची शक्यता आहे. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर निघत राहिला तर संशय पक्का धरा. थंड इंजिनावर मिस्तरीकडून कूलंटची प्रेशर टेस्ट करून घ्या. टर्बोच्या तुलनेत त्याचा खर्च अगदी किरकोळ आहे. तोपर्यंत बोअरचं पाणी ओतू नका. आपल्याकडचं पाणी जड, त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड पाणीच घाला. घाट चढून आल्यावर लगेच झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. आणि काटा लालकडे सरकला तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. पुढच्या गावापर्यंत नेऊ म्हणून चालवलेल्या गाडीचं हेड वाकलेलं मी बघितलं आहे.