बिटकॉइनची 'ओरिजिनल' नाणी आणि क्रिप्टोच्या जुन्या वस्तू जमवण्यात अर्थ आहे का? नागपुरात त्या विकल्या जातात का?

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या बर्डीवर ओळखीतल्या एका माणसाने 'ओरिजिनल बिटकॉइन' म्हणून एक सोनेरी नाणं दाखवलं, ५,००० रुपयांत देतो म्हणाला, आणि दोन वर्षांत लाख होतील अशी हमीही दिली. ते घ्यावं का, आणि अशा वस्तू जमवण्यात काही अर्थ आहे का, असे तुमचे दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं हो, पण ते जरा लांबेल. मी मुळात जुन्या नाण्यांचा माणूस, या नादाला मागाहून लागलो.

ते सोनेरी नाणं न बघताच सांगतो. व्यास साधारण चार सेंटिमीटर, मधोमध दोन रेघांचा 'बी', भोवती सर्किटच्या पट्ट्यांसारखी नक्षी, सोबत प्लास्टिकची गोल डबी. बऱ्याच नाण्यांवर इंग्रजीत 'एक औंस शुद्ध तांबे' असंही कोरलेलं असतं. आता गंमत बघा. रंग सोन्याचा, लिहिलंय तांबं, आणि फ्रिजवरचं चुंबक जवळ नेलं की टपकन चिकटतं, म्हणजे आत लोखंड. सगळीच चिकटत नाहीत, काही पितळी असतात. ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत हवी तेवढी मिळतात. त्यात बिटकॉइन नाही आणि कधी नव्हतंही. माझ्याकडेही एक आहे, बिलांवर ठेवायला बरं पडतं.

संग्राहक ज्यासाठी जीव टाकतात ती नाणी वेगळी. अमेरिकेतल्या युटा राज्यात माइक कॉल्डवेल यांनी २०११ ते २०१३ मध्ये 'कॅसेशियस' नावाची नाणी काढली. एका बिटकॉइनचं नाणं पितळेचं, मागे होलोग्रामचा गोल स्टिकर, आणि स्टिकरखाली कागदाच्या बारक्या चकतीवर छापलेली खासगी की, म्हणजे बिटकॉइन खर्च करायचा गुप्त संकेतांक. ही की ज्याच्या हाती, त्याचं बिटकॉइन. होलोग्रामला एक छोटी खिडकी असते, त्यातून त्या बिटकॉइनच्या पत्त्याची, म्हणजे खाते क्रमांकासारख्या संकेताची, पहिली आठ अक्षरं दिसतात. त्यावरून पूर्ण पत्ता शोधायचा आणि ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्यांना खुल्या नोंदवहीत, शिल्लक बघायची, यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. स्टिकर सोलला की धातूवर मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी उरते, मग पुन्हा चिकटवायची सोय नाही. पहिल्या खेपेच्या होलोग्रामवर नावातला एक 'एस' गळला होता. आपल्याकडे चुकीच्या छपाईच्या नोटेला जो भाव येतो, तोच प्रकार तिथेही झाला, चुकलेलं नाणं जास्त महाग. २०१३ च्या शेवटी अमेरिकी सरकारच्या फिनसेन या यंत्रणेने कॉल्डवेलना कळवलं की हा पैसे पाठवण्याचा व्यवसाय ठरतो, त्याला नोंदणी लागते. त्यांनी बिटकॉइन भरलेली नाणी विकणं थांबवलं. माल नवा निघणं बंद झालं आणि आहे त्याचा भाव चढत गेला. आता पीसीजीएससारखी नाणी पारखणारी संस्था जुन्या डॉलरांसारखंच त्यांचंही ग्रेडिंग करून सीलबंद प्लास्टिकमध्ये देते.

आता माझं मत. भरलेलं नाणं घेऊ नका, खरं असलं तरी. तुम्ही घेताय ते पितळ नाही, आतली की कुणी पाहिलेली नाही हा विश्वास घेताय. करणाऱ्याने की कुठे नोंदवून ठेवली नाही, मधल्या कुठल्याच मालकाने स्टिकर उचलून बघितला नाही, हे सगळं गृहीत धरावं लागतं. होलोग्राम न फाडता उचलता येतो, सुईने द्रावण सोडून, हे अमेरिकेतल्या डेफकॉन संमेलनात लोकांनी करून दाखवलेलं आहे. म्हणजे आज पत्त्यावर शिल्लक दिसते, उद्या सकाळी दिसेलच असं नाही. ती काढून नेणारा कोण, हे तुम्हाला कधी कळणार नाही. शिवाय १ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइनमधून फुटून बिटकॉइन कॅश हे वेगळं चलन झालं. त्याआधी भरलेल्या नाण्यात तेवढंच बिटकॉइन कॅशही पडून असतं, म्हणून विकणाऱ्याने भाव सांगितला की कशाचा सांगतोय ते नीट विचारायचं. बिटकॉइनच हवं असेल तर ते ॲपवर घ्या, नाण्याच्या पोटातून काढायची हौस कशाला!

सोललेलं, रिकामं नाणं मात्र मला आवडतं. त्यात फसवायला काही उरलेलंच नसतं. राहते ती निव्वळ वस्तू, तिची धातूची झळाळी आणि तिचा इतिहास. त्यालाही बाहेर गिऱ्हाईक आहे. फक्त पितळ काळवंडलं म्हणून चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका. भोसल्यांचे रुपये जमवणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, पण या नादातली नवी पोरं हमखास घासतात, आणि घासलेल्या नाण्याचा भाव संग्राहकाच्या लेखी तिथेच पडतो.

नागपुरात विकलं जातं का? इतवारीच्या सराफ्यात दाखवून बघा. टंच काढतील, वजन करतील, आणि भंगाराच्या भावात पितळ घेऊ म्हणतील. त्यांचं चूक नाही, त्यांचा धंदाच टंचाचा. नाण्यांच्या प्रदर्शनात टेबल लावणारे व्यापारी कुतूहलाने हातात घेतात, फिरवून बघतात, परत देतात. या वस्तूंचं गिऱ्हाईक मुंबई, बंगळुरूला आणि देशाबाहेर आहे, व्यवहार टेलिग्रामवर होतात, आणि तिथे मधला माणूस म्हणून जो स्वतःहून पुढे येतो तोच अनेकदा ठग निघतो. माझे बहुतेक व्यवहार अदलाबदलीचे आहेत, समोरासमोर, दिवसाढवळ्या. पैसा फिरत नाही म्हणून डोकं शांत राहतं.

आयकराचंही सांगून टाकतो. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर सेस आहे, जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे, आणि तोटा दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. रिकामं नाणं ही साधी वस्तू. भरलेलं विकाल तर आतल्या बिटकॉइनचा हिशोब येतोच, तेव्हा आधी सीएकडे जा. भरलेल्यापासून लांब राहण्याचं हेही एक कारण.

मग जमवायचं काय? माझा जीव भारतातल्या वस्तूंवर आहे, कारण त्या कुणी जमवत नाही आणि म्हणून स्वस्त आहेत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार तोडायला सांगितलं, आणि ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. ५ मार्चची वर्तमानपत्रं तेव्हा रद्दीच्या भावात गेली. मी महालातल्या एका रद्दीवाल्याला तारीख सांगून ठेवली होती, त्याने गठ्ठ्यातून मराठी, हिंदी, इंग्रजी असे अंक काढून दिले. एकावर तेलाचा डाग आहे, पण मधली घडी अजून कोरी आहे. इंग्रजी जगात असाच मान लंडनच्या 'द टाइम्स'च्या ३ जानेवारी २००९ च्या अंकाला आहे. त्याचा मथळा बिटकॉइनचा अज्ञात निर्माता सातोशी याने बिटकॉइनच्या पहिल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे नोंदवहीच्या पहिल्या पानात, टाकला होता. तो अंक आता सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर, आणि छापील नकला भरपूर. वस्तू किती साधी असू शकते ते बघा: २०१७ मध्ये अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या तेव्हाच्या प्रमुख जॅनेट येलेन बोलत असताना मागे बसलेल्या एका तरुणाने पिवळ्या वहीच्या कागदावर 'बाय बिटकॉइन' लिहून धरलं होतं. तो कागद २०२४ मध्ये लिलावात १६ बिटकॉइनला गेला.

आपल्याकडे बंद पडलेल्या एक्सचेंजांचे, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटचे, टी-शर्ट, कप, बिल्ले मिळतात. कॉइनेक्स २०१९ मध्ये बंद झालं, त्याची एखादी वस्तू दिसली तर मी सोडत नाही. २०१८ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलमध्ये युनोकॉइन या क्रिप्टो कंपनीने बसवलेलं एटीएमसारखं यंत्र पोलिसांनी उचलून नेलं होतं. त्याचा नुसता स्टिकर जरी कुणाकडे असेल तर मी बसने बंगळुरूला जायला तयार आहे. आणि हो, आपल्या विदर्भात हॉटेलच्या हॉलमध्ये सभा घेऊन क्रिप्टोच्या नावाखाली साखळी योजना चालवणाऱ्यांनी वाटलेल्या डायऱ्या, मेडल्स, प्रमाणपत्रं. बुडालेल्या घरांत ती अजून कपाटात पडलेली असतात. मी ती घेतो, पण पैसे विचारायला जीभ रेटत नाही. लोकांनी बहुतेक वेळा तशीच दिली.

मायनिंगच्या, म्हणजे आकडेमोड करून नवी बिटकॉइन मिळवायच्या, यंत्रांचं थोडक्यात सांगतो. २०१३ चं पेन ड्राइव्हएवढं 'ब्लॉक इरप्टर' मिळालं तर घ्या, जागा खात नाही. अँटमायनर एस९ घरी आणू नका. ते तेराशे वॅटच्या आसपास वीज खातं, आवाज असा की शेजारी भांडायला येतील, आणि नागपूरच्या मे महिन्यात ते लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. बंद ठेवायचं असेल तर ठेवा, पण धूळ पुसता पुसता कंटाळा येतो. जुनं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे की साठवायचं छोटं उपकरण, मिळालं तर काचेच्या कपाटात ठेवा, त्यात एक रुपयाही टाकू नका. ज्या शब्दांवरून की परत मिळते, त्यांची यादी विकणाऱ्याने आधीच भरून ठेवलेली असू शकते.

त्या माणसाला भेटणारच असाल तर चुंबक खिशात ठेवा आणि होलोग्राम कुठाय ते विचारा. डबीसकट दोनशेच्या वर जाऊ नका. माझ्याकडे ५ मार्च २०२० च्या एका हिंदी अंकाची जादा प्रत आहे. बदल्यात कुठल्याही बंद एक्सचेंजचा बिल्ला चालेल, टी-शर्ट असेल तर धुतलेला हवा.