कला-शंका : पॉलिमर क्लेची फुले आणि ओव्हनची आच

गौरी-गणपतीच्या सजावटीसाठी पॉलिमर क्लेची फुले कशी वळावीत, याविषयी गेल्या अंकात लिहिले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे मात्र फूल वळण्याविषयी नसून ते भाजताना किंवा भाजल्यानंतर बिघडल्याविषयीची आहेत. मला त्याचे फारसे नवल वाटले नाही, कारण माझी स्वतःची पहिली दोन पाकिटे अशीच वाया गेली होती. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

ताई, सप्रेम नमस्कार. गणपतीसाठी पाच जास्वंदी आणि पंचवीस-तीस प्राजक्ताची फुले केली. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ओटीजी १३० अंशांवर लावला. प्राजक्त वरच्या जाळीवर होता आणि जास्वंदी खालच्या जाळीवर, जाड फरशीच्या तुकड्यावर ठेवल्या होत्या. वीस मिनिटांनी एक पाकळी दाबून पाहिली तर ती मऊ लागली, म्हणून आच १६० वर नेऊन आणखी दहा मिनिटे ठेवले. प्राजक्ताच्या कडा बिस्किटासारख्या तांबूस झाल्या आणि जास्वंदीच्या पाकळ्या देठापाशी उचलताच सुटल्या. एकाच ओव्हनमध्ये एक फूल करपते आणि दुसरे कच्चे राहते, हे कसे?
*— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर*

सगळा घोटाळा त्या एका पाकळी दाबण्यात आहे. पॉलिमर क्लेला आपण ‘क्ले’ म्हणतो, पण तिच्यात माती शोधून सापडणार नाही. पाण्याचे पाइप ज्या पीव्हीसीचे असतात त्याचेच अतिशय बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारे प्लास्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य आणि रंग, असे हे मिश्रण आहे. त्यात पाणी नसल्यामुळे ते वाळत नाही. उष्णतेने हे कण ते द्रव्य शोषून फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकजीव होतात. म्हणूनच ओव्हनमधून काढलेले फूल गरम असताना मऊच लागते आणि पूर्ण निवल्यावर त्याला बळकटी येते. चिक्कीची गरम वडीही वाकतेच. ती कच्ची राहिली असे समजून आपण पाक पुन्हा चुलीवर चढवत नाही. आपली फुले त्या वेळी बहुधा ठीक चालली होती आणि त्यांना वाढीव आचेची नव्हे, तर त्याच आचेवर आणखी थोड्या वेळाची गरज होती.

करपणे आणि कच्चे राहणे एकाच वेळी का घडले, याचे कारण जागेत आहे. लहान ओटीजीमध्ये वरची सळई लाल झाली की तिच्याजवळची हवा डायलवरच्या आकड्याच्या बरीच वर जाते. आपला प्राजक्त नेमका तेथे होता. खालची जाड फरशी मात्र थंडच आत गेली असेल, तर तिला तापायलाच पहिली पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि तिच्यावर टेकलेला जास्वंदीचा देठ, म्हणजे फुलाचा सर्वांत जाड भाग, तेवढा वेळ उष्णतेविना राहतो. पाकळीचा सांधा तेथेच असतो, म्हणून तो तेथेच सुटला.

यावर उपाय एकच आणि तो स्वस्त आहे: ओव्हनमध्ये ठेवण्याचा वेगळा थर्मामीटर घ्यावा आणि डायलवर विश्वास ठेवणे सोडून द्यावे. माझ्या ओव्हनचा डायल १२० वर असताना थर्मामीटर १५० दाखवत होता आणि हे कळेपर्यंत मी दोष कंपनीच्या पांढऱ्या रंगाला देत होते. थर्मामीटर फुलांच्या अगदी शेजारी, त्याच उंचीवर ठेवावा. फरशी आधीपासून आत तापू द्यावी. आकडा स्थिर झाल्यावरच फुले आत सरकवावीत. बहुतेक कंपन्यांची क्ले ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान भाजली जाते. नेमका आकडा पाकिटावर असतो आणि तो कंपनीनुसार बदलतो, त्यामुळे दोन कंपन्यांची क्ले एका फुलात मिसळण्यापूर्वी दोन्ही पाकिटे वाचावीत. वेळेचा सर्वसाधारण हिशेब ६ मिलिमीटर जाडीला ३० मिनिटे असा असून, जाडी फुलाच्या सर्वांत जाड भागाची धरायची असते. योग्य आचेवर फूल पंधरा मिनिटे जास्त राहिले तरी त्याचे काही बिघडत नाही, पण आच वीस अंशांनी जास्त झाली तर ते बिघडायला दहा मिनिटेही पुरे होतात.

सळईची झळ थेट लागू नये म्हणून केकची अॅल्युमिनियमची दोन सारखी भांडी घेऊन एकात फुले ठेवावीत, दुसरे त्याच्यावर उपडे घालावे आणि कडांना कागदाच्या लोखंडी चिमट्या लावाव्यात. सजावटीची फुले आत टाकण्यापूर्वी त्याच क्लेची दोन मिलिमीटर जाडीची एक पट्टी भाजून, ती निववून वाकवून पाहावी. पट्टी कमानीसारखी वाकली तर आच बरोबर आहे. कटकन मोडली तर ती कच्ची आहे. मायक्रोवेव्हमध्ये हे काम करू नये. आणि क्ले काळी पडू लागली, डोळ्यांना झोंबणारा धूर आला, तर ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि मुलांना बाहेर न्यावे, कारण जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा त्रासदायक वायू निघतो.

माझी फुले नीट भाजली जातात, पण प्राजक्त खडूचा केल्यासारखा दिसतो आणि सोनटक्का प्लास्टिकच्या चमच्यासारखा. बाजारातल्या चांगल्या फुलांत जे ओलेपण दिसते, ते कशाने येते?
*— एक वाचक, रामचंद्रनगर, इंदूर*

खऱ्या पाकळीतून थोडा उजेड आरपार जातो, तर नुसती पांढरी क्ले उजेड अडवते; खडूचा भास त्यामुळे होतो. पांढऱ्या क्लेचा एक भाग घेऊन त्यात ‘ट्रान्सलुसंट’ नावाने मिळणाऱ्या अर्धपारदर्शक क्लेचे दोन भाग मळावेत. ही अर्धपारदर्शक क्ले आचेला सर्वांत आधी पिवळी पडते, हे लक्षात ठेवून वरच्या उत्तरातील भांड्यांची युक्ती येथे अवश्य वापरावी. ओव्हनमधून काढताक्षणी फुले बर्फाच्या पाण्यात सोडली तर त्यांची पारदर्शकता थोडी वाढते. तार गुंफलेली फुले मात्र मी पाण्यात सोडत नाही, कारण तार गंजते.

प्राजक्ताचे सांगते. भिजलेल्या साबुदाण्याएवढ्या सहा गोळ्या घ्याव्यात आणि प्रत्येकीला एका बाजूने निमुळती करून तळहातावर करंगळीने चपटी करावी. पाकळीचे रुंद टोक टूथपिकने मध्ये किंचित दाबले की तेथे खाच पडते. प्राजक्ताची ओळख या खाचेत आहे आणि हौशी फुलांत नेमकी तीच राहून जाते. केशरी क्लेची शेवईहून थोडी जाड, सुमारे एक सेंटिमीटर लांबीची दांडी वळून तिचे वरचे टोक जरा पसरावे व त्यावर पाकळ्या एकीची कड दुसरीखाली जाईल अशा, पंख्याच्या पात्यांप्रमाणे एकाच दिशेला कललेल्या बसवाव्यात. सपाट गोलाकार बसवल्या तर ते फूल प्राजक्त न राहता रांगोळीचा ठिपका होते. मधोमध केशरी टिंब ठेवायला विसरू नये.

सोनटक्का, निशिगंध यांच्या पाकळ्यांवरील रेषा लांबट आणि समांतर असतात. त्यांच्यासाठी विकतचे साचे घेण्याची मला तरी कधी गरज भासली नाही. इंदूरच्या घरात पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस होतोच. त्या कणसांची आतली साल पुसून, पुस्तकाखाली दाबून वाळवावी आणि लाटलेल्या पाकळीवर ठेवून अंगठ्याने हलकेच दाबावी. रेषा इतक्या स्वाभाविक उमटतात की त्यावर आणखी काही करू नये. जास्वंदीला ही साल चालत नाही, कारण तिच्या शिरा देठापासून पंख्यासारख्या पसरतात. तेथे टूथपिक आडवी धरून देठाकडून कडेकडे फिरवावी म्हणजे रेघाही उमटतात आणि कडेला आपोआप लाटही येते. जास्वंदीच्या मधल्या तुऱ्याच्या वरच्या अर्ध्या भागातच पिवळे पुंकेसर असतात आणि अगदी शेंड्याला पाच लाल टिंबे असतात. बागेतले एक फूल समोर ठेवून काम केले तर हे सांगावेही लागत नाही.

मे महिन्यात काम करायला बसले तर क्ले बोटांना चिकटते, पाकळीवर ठसे उमटतात आणि पांढऱ्या रंगात कुठून तरी काळे-लाल कण येतात. एक पाकीट तर न उघडताच घट्ट झाले. हा क्लेचा दोष आहे का?
*— एक वाचक, सुदामानगर, इंदूर*

क्लेचा नाही, आपल्या उन्हाळ्याचा आहे. चाळीस अंशांच्या दुपारी क्ले मळूच नये. सकाळी पोह्यांच्या आधीचा एक तास जेवढे काम देतो तेवढे दुपारचे तीन तास देत नाहीत. फारच चिकट झालेली क्ले पातळ लाटून दोन कोऱ्या कागदांमध्ये काही तास ठेवावी. कागदावर तेलकट डाग पडतो तो जादा प्लास्टिसायझरचा असतो, आणि क्ले तेवढी घट्ट होते. फार वेळ ठेवली तर मात्र भुरभुरीत होते. न उघडता घट्ट झालेले पाकीट उन्हात उभ्या असलेल्या गाडीत किंवा खिडकीत राहिले असावे, कारण तेवढ्या उष्णतेनेही क्ले हळूहळू बळकट होऊ लागते. वाटाण्याएवढे तुकडे करून तळहातात मळल्यावर ते एकत्र आले तर वापरावेत, नाही तर सोडून द्यावेत.

कणांचे म्हणाल तर लाल क्ले बोटांच्या रेषांत बसते आणि पांढरी ती तेथून उचलते. म्हणून काम पांढऱ्यापासून सुरू करून लालवर संपवावे, मध्ये हात ओल्या टिश्यूने पुसावेत आणि त्या दिवशी लोकरीचे किंवा गडद रंगाचे सुती कपडे घालू नयेत. ठसे पुसण्यासाठी कच्च्या पाकळीवर स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेला मऊ ब्रश फिरवावा आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच फूल भाजावे. संगमरवरी पोळपाट या कामाला उत्तम, पण एकदा क्लेसाठी घेतलेले पोळपाट-लाटणे पुन्हा पोळ्यांसाठी वापरू नये.

कॉर्नफ्लोअर आणि फेव्हिकोल शिजवून घरीच क्ले केली, गुलाब केले आणि ओव्हनमध्ये भाजले, तर त्यांना भेगा पडल्या. कोणते प्रमाण चुकले?
*— एक वाचक, टिळकनगर, इंदूर*

प्रमाण चुकले नसावे, ओव्हन चुकला. समान मापाचे कॉर्नफ्लोअर व पांढरा गोंद, चमचाभर तेल आणि लिंबाचे थोडे थेंब मंद आचेवर घोटून केलेल्या या लगद्याला कोल्ड पोर्सिलेन म्हणतात. तो पाणी उडून वाळतो, त्यामुळे त्याला सावली आणि दोन-तीन दिवसांचा वेळ हवा असतो. वाळताना तो आकसतो, म्हणून फूल थोडे मोठेच करावे. तो स्वस्त आहे, त्याच्या पाकळ्या अतिशय पातळ लाटता येतात आणि नवशिक्यांनी त्यावरच हात बसवावा असे मला वाटते. पण पावसाळी दमट हवेत तो मऊ पडतो, आणि पाण्यात तर टिकतच नाही.

मुलीच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमासाठी मोगऱ्याची वेणी केली. कच्च्या कळ्या थर्मोकोलमध्ये खोचून ठेवल्या तर त्या त्याला चिकटून बसल्या. उरलेल्या भाजून नेलपॉलिश लावले, ते पंधरा दिवसांनंतरही चिकट आहे. शिवाय तारा सुटून येतात.
*— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर*

तिन्ही तक्रारींपैकी पहिल्या दोहोंचे मूळ प्लास्टिसायझर आहे. ते थर्मोकोलला विरघळवते, म्हणून कच्ची क्ले थर्मोकोलवर किंवा टणक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ठेवू नये. पॉलिथिनची पिशवी किंवा काचेची बरणी चालते. कळ्या उभ्या भाजायच्या असतील तर भांड्यात कॉर्नफ्लोअरचा जाड थर पसरून त्यात त्या खोचाव्यात, नंतर ब्रशने पीठ झाडावे. नेलपॉलिशशी आणि बऱ्याच स्प्रे-रंगांशीही हे द्रव्य विक्रिया करते, आणि तो थर कधीच सुकत नाही. नेलपॉलिश आता स्पिरिटने पुसून काढावे आणि चमक हवीच असेल तर पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक वार्निश लावावे, जरी मोगऱ्याला चमक कशासाठी हवी, हे मला कळलेले नाही.

क्ले तारेला चिकटत नाही, फक्त तिच्याभोवती घट्ट बसते. म्हणून तारेच्या टोकाला बारीक आकडी वळून ती कळीच्या पोटात ओढून घ्यावी आणि देठाशी क्ले चिमटावी. ही तार नुसती धातूची असावी, प्लास्टिकचे वेष्टण असलेली नको. हिरवी कागदी पट्टी भाजून झाल्यावर गुंडाळावी. वेणीचे वजन आधी हातात घेऊन पाहावे. अंबाड्यावर पाऊण तास नाचणाऱ्या मुलीला पन्नास भरीव कळ्या जड होतील. आतला गाभा अॅल्युमिनियम फॉइलच्या घट्ट गोळीचा करून वरून क्लेचा पातळ थर दिला तर वजन बरेच उतरते आणि कळी आतून कच्चीही राहत नाही.

जाता जाता, पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे की अशी फुले गणपतीबरोबर विसर्जित केली तर चालतील का. चालणार नाहीत. ही फुले पीव्हीसीची आहेत. ती पाण्यात विरघळत नाहीत, कुजत नाहीत आणि निर्माल्याच्या कलशात टाकली तर खताच्या ढिगातून कुणाला तरी वेचून काढावी लागतात. मूर्ती हलवण्यापूर्वी ती उतरवावीत, गुलाल लागला असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने धुवावीत आणि कापसात गुंडाळून पुढच्या भाद्रपदासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात, उन्हापासून दूर ठेवावीत.